घोषवाक्ये आणि ऊस

सुप्याच्या माळावरील मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. खुरटी झाडी, गवत आणि चिंकारा. तिथे आम्ही मराठीचे तीन अध्यापक विद्यार्थ्यांसह गेलो, तेव्हा मुलांच्या हातांत आम्हीच तपासून दिलेली घोषवाक्ये होती. यमके निर्दोष. बाहेरच्या पडिकावर शेळ्या राखणाऱ्या एका आजींनी फलकांकडे बघून विचारले, "मास्तर, ह्ये कुणासाठी लिवलंय? हरणांस्नी वाचाया येतंय व्हय?"

मुले हसली, आम्हीही हसलो, पण थोडे उशिरा.

माणूस निसर्गाशी संयमाने वागू लागतो, तो नेमका कशामुळे? साहित्याचे शिक्षक म्हणून आमचा कल सौंदर्यबोधाकडे (आमची उपजीविकाच त्यावर चालते). मात्र शेजारच्या पुरंदर तालुक्यातील नायगावचा दाखला वेगळेच सांगतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला कमाल अडीच एकरांना, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येत नसे, योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी उचलायचा. आणि ऊस वर्ज्य. उसाचा मोह तिथल्या शेतकऱ्याला नव्हता असे कोण म्हणेल? पण बांधापलीकडेही ऊस नाही, हे त्याला रोज डोळ्यांनी दिसत होते. आपण सोडलेले पाणी दुसराच पळवणार नाही, एवढी खात्री त्याला पुरली असावी.

सुप्याला ही गोष्ट नवी नाही. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, याच गावात सावकारांची कर्जखते जाळली गेली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. त्याच्या काही महिने आधी शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता. एकट्याने व्यवहार तोडणे म्हणजे उपासमार ओढवून घेणे. गाव एक झाले म्हणून तो तुटला.

सुपे जिरायती. बारामतीकडे उतरू लागले की नीरा डाव्या कालव्याची हिरवाई सुरू होते. आमच्यापैकी एकाचे शेत तिथे आहे. परतताना, गाडी त्या उसापाशी आली तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही ऊस कधी सोडणार?"

"शेजाऱ्याने सोडला की."

शेजारीही हेच म्हणतो. पंधरा वर्षे दोघे एकमेकांच्या शेताकडे पाहून लागण करीत आले आहेत.