कोशांतील नांव

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना मल्लिनाथानें आरंभींच एक प्रतिज्ञा केलेली आहे. आधार नसलेलें कांहीं लिहिणार नाहीं आणि नको असलेलें कांहीं सांगणार नाहीं, एवढाच तिचा भावार्थ. संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाच्या कानांवरून ती गेलेली असते. परंतु संगणकावर चालणाऱ्या एका ज्ञानकोशाचे नियम वाचीत असतां ती पुनः भेटेल, असें वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

हा कोश म्हणजे विकिपीडिया. १५ जानेवारी २००१ रोजीं तो इंग्रजींत सुरू झाला. त्याची मराठी आवृत्ति १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं निघाली. आमच्या घरांतील नातवंडें शाळेचा प्रत्येक प्रकल्प त्याच्याच आधारानें पुरा करतात. तो कोणीहि लिहूं शकतो हें पुष्कळांस ठाऊक असतें. तो लिहिण्याचे नियम आहेत, हें फार थोड्यांस. त्यांतील दोन नियमांशीं माझी गांठ पडली. पहिला असा कीं, दुसऱ्याचें लेखन उतरून घालूं नये. यास प्रताधिकाराचा नियम म्हणतात. दुसरा असा कीं, ज्याची दखल इतरांनीं स्वतंत्रपणें घेतलेली नाहीं, त्यावर लेख करूं नये. यास उल्लेखनीयता असें नांव आहे.

गांठ पडली ती अशी. कामठीच्या शाळेंत माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी, जो आतां चाळिशीस आला आहे व नागपुरास नोकरी करतो, गेल्या दिवाळींत भेटावयास आला. म्हणाला, "गुरुजी, शास्त्रीबुवांवर विकिपीडियांत लेख झालाच पाहिजे. तुम्ही सांगत चला, मी लिहून घेतों." शास्त्रीबुवा म्हणजे माझे संस्कृतचे गुरु. मी मॅट्रिकपलीकडे गेलों नाहीं; जें कांहीं संस्कृत मला येतें, तें सर्व त्यांच्या ओसरीवरचें आहे. त्या ओसरीवर त्यांनीं तीस-पस्तीस वर्षें पहांटे पांचापासून शिकविलें, कोणाकडून पै घेतली नाहीं, आणि भिक्षुकाच्या मुलाशेजारीं विणकराचा व रेल्वेच्या गार्डाचा मुलगा बसविला. मेघदूतावर त्यांनीं मराठींत एक विस्तृत विवरण लिहिलें, तेंहि वाण्याकडून आणलेल्या चार चोपड्यांत, बोरूनें. छापलें कांहीं नाहीं. वर्तमानपत्रांत त्यांचें नांव आलें तें निधनाच्या वार्तेपुरतें, चार ओळींत. त्यास चाळीसांवर वर्षें होऊन गेलीं. ओसरी पडली, तिच्या जागीं आतां मोबाइलचें दुकान आहे.

विद्यार्थ्याला मीं पंधरा दिवस थांबावयास सांगितलें, नियमांच्या पानांची छापील प्रत त्याच्याकडूनच मागवून घेतली, आणि व्याकरणाचीं सूत्रें वाचावीं तशीं तीं पानें वाचलीं. मग त्यास कळविलें कीं, हा लेख होऊं शकत नाहीं.

त्याला राग आला. "दोन चित्रपटांत काम केलेल्या नटाला जागा आहे, आणि शास्त्रीबुवांस नाहीं?" प्रश्न वाजवी आहे, तो माझ्याहि मनांत उठला होता. परंतु उल्लेखनीयता या शब्दानें आपली फसगत होते. तो शब्द योग्यतेचा वाचक नाहीं. हा मनुष्य थोर होता काय, असें तो कोश विचारीतच नाहीं. ज्यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं अशा लोकांनीं, विश्वासार्ह ठिकाणीं, विस्तारानें त्याच्याविषयीं कांहीं लिहून ठेवलें आहे काय, एवढेंच तो विचारतो. स्वतःचें, नातलगांचें, शिष्यांचें लिहिणें यांत जमेस धरीत नाहींत, आणि निधनवार्तेच्या चार ओळी म्हणजे विस्तार नव्हे. शब्द प्रमाण व्हावयाचा तर तो आप्ताचा असावा, असें नैयायिक सांगतात. येथें तर आप्तांचाच शब्द वर्ज्य! क्षणभर मौज वाटली. पण नैयायिकांचा आप्त म्हणजे जसें असेल तसें सांगणारा, आणि मराठींतला आप्त म्हणजे सोयरा. विकिपीडियास पहिला हवा आहे. दुसऱ्याची त्याला भीति वाटते.

ही भीति कां, हें जुन्या कोशांकडे पाहिलें म्हणजे कळतें. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाचा उद्योग आमच्या नागपुरांतच सुरू झाला आणि मग पुण्यास गेला. त्याचे २३ खंड झाले, आणि त्या धडपडीची हकीकत केतकरांनीं १९२७ सालीं 'माझें बारा वर्षांचें काम' या नांवानें स्वतः लिहून ठेविली. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनीं १९३२, १९३७ व १९४६ सालीं प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश दिले. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. या सर्वांच्या दाराशीं एक विद्वान् बसलेला होता. कोणास आंत घ्यावें हें तो ठरवी, आणि चूक झाली तर लोक त्याला विचारीत. विकिपीडियाच्या दाराशीं कोणी नाहीं. लिहिणारा माझ्यासारखा मॅट्रिक असेल, एखादा प्राध्यापक असेल, टोपणनांवाखालीं दडलेला उमेदवार असेल, वा जमिनीच्या धंद्यांतला गृहस्थहि असेल. लिहिणाराचा अधिकार तपासतां येत नाहीं, म्हणून त्याच्या आधाराचा अधिकार तपासावयाचा. शिष्यांच्या भक्तीवर नांवें चढूं लागलीं, तर प्रत्येक आळींत एक बृहस्पति निघेल, आणि निवडणुकीच्या वर्षीं तर दोन-दोन.

नियम कधीं कधीं आंधळाहि ठरतो. डोना स्ट्रिकलंड या कॅनडांतील विदुषींवर केलेला लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियांत २०१८ च्या मे महिन्यांत, स्वतंत्र आधार पुरेसे दिसत नाहींत म्हणून, नाकारण्यांत आला. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जगाच्या लेखण्या ज्यांच्याकडे वळत नाहींत, त्यांच्याकडे हा कोशहि वळत नाहीं. जगाची ती उपेक्षा त्याच्या पानांत जशीच्या तशी उतरते.

परंतु विद्यार्थ्याला मीं जें उदाहरण दिलें तें कॅनडाचें नव्हे, कामठीचें. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे ६ जानेवारी १९०४ रोजीं कामठींत जन्मले. जातीनें महार, वडील रेल्वेंत कारकून. ते नागपुरास मॅट्रिक झाले, आणि आर्यसमाजाच्या एका स्वामींकडे संस्कृत शिकले. या योगायोगापाशीं मी नेहमीं थबकतों: मॅट्रिक व संस्कृत, एवढीच माझीहि शिदोरी. पण त्यांनीं तिचें काय केलें पाहा. १९२१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, आपल्या समाजासाठीं साप्ताहिक काढलें. विडी वळणाऱ्या मजुरांची संघटना बांधली. १९३७ सालीं नागपूर-कामठी मतदारसंघांतून स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. 'जय भीम' हें अभिवादन रूढ करण्याचें श्रेय त्यांनाच देतात. १२ जानेवारी १९३९ रोजीं क्षयानें त्यांचा अंत झाला; वय अवघें पस्तीस.

विकिपीडियांत त्यांच्यावर लेख आहे, आणि नियमांत बसून आहे. कारण त्यांच्या मागून आलेल्यांनीं, ज्यांनीं त्यांस डोळ्यांनीं पाहिलेंहि नव्हतें अशांनीं, कागदपत्रें धुंडाळून त्यांचें चरित्र लिहिलें आणि छापलें; २०१६ सालीं त्यांच्यावर चित्रपटहि निघाला. ज्या समाजाला शतकानुशतकें अक्षर वर्ज्य होतें, त्यानें आपलीं माणसें तारीखवार छापून ठेविलीं. ज्यांच्या माळ्यावर पोथ्यांचीं गाठोडीं होतीं, त्या आमच्या आळीनें शास्त्रीबुवांना मुखोद्गत ठेवण्यांतच समाधान मानलें. मौखिक परंपरेनें आम्ही वेद राखले, हा अभिमान खरा आहे. पण शास्त्रीबुवांची जन्मतिथि राखलेली नाहीं. त्यांच्या घरांतच तीविषयीं दोन मतें आहेत, आणि दोघेहि पक्ष शपथेवर सांगतात. विद्यार्थी हें ऐकून बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मग चोपड्या तरी टाकूं या."

आतां दुसरा नियम आडवा आला. चोपड्या शास्त्रीबुवांच्या पुतण्याकडे आहेत. त्यांस विचारलें, तर ते फोनवर म्हणाले, "घ्या हो मास्तर, टाका तुमच्या त्या विकिपीडियावर. काकांना आनंदच होईल." मनुष्य उदार, परंतु एवढ्यानें भागत नाहीं. त्या कोशांत लिहिलेला मजकूर एका खुल्या परवान्याखालीं जातो. मूळ लेखकाचा निर्देश करून आणि तोच परवाना पुढें चालवून, तो कोणीहि घ्यावा, फिरवावा, छापावा, विकावा देखील. तेव्हां केवळ विकिपीडियापुरती परवानगी तेथें निरुपयोगी; द्यावयाची ती सर्व जगाला, आणि ती देणाराचा हक्क असला पाहिजे. आपलें स्वत्व सोडून दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें म्हणजे दान, अशी आमच्या शास्त्रांत दानाची व्याख्या आहे. जेथें स्वत्वच नाहीं तेथें दान कसलें? पुतण्या एकटा नाहीं. एक बहीण जबलपूरला आहे, एका भावाचीं मुलें पुण्यास.

हा हक्क किती काळ चालतो, हें वाचकांनीं एकदां नीट समजून घ्यावें. कारण घरोघर आजोबांच्या हस्तलिखितांवरून हाच प्रश्न पडतो. आपला कायदा १९५७ सालचा. त्याप्रमाणें लेखकाचा हक्क त्याच्या हयातीपर्यंत व निधनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षें टिकतो. पूर्वीं हीं वर्षें ५० होतीं. १९४१ सालीं निवर्तलेल्या रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत १९९१ अखेर सरत आली, तेव्हां ती दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली. लेखकाच्या पश्चात् प्रथमच प्रसिद्ध होणाऱ्या लेखनास प्रसिद्धीपासून ६० वर्षें मोजतात. मेघदूतच घ्या. कालिदास सर्वांचा. कृष्णशास्त्री चिपळूणकर १८७८ सालीं वारले, त्यांचा मराठी अनुवादहि मोकळा. पण चिंतामणराव देशमुखांचा अनुवाद २०४२ अखेरपर्यंत आणि कुसुमाग्रजांचा २०५९ अखेरपर्यंत बांधलेला आहे. नागपूरचे महामहोपाध्याय मिराशी १९८५ सालीं गेले. रामगिरि म्हणजे रामटेक, हें त्यांचें मत आपण खुशाल सांगावें, कोणाचें तें सांगावें, परंतु त्यांचीं वाक्यें २०४५ अखेरपर्यंत त्यांचींच. कायदा शब्दयोजनेवर पहारा करतो, माहितीवर नव्हे. १९७८ सालीं आर. जी. आनंद यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हा भेद स्पष्ट केला. विश्वकोश संगणकावर फुकट वाचावयास मिळतो म्हणून तो उतरून घेण्यासहि फुकट आहे, अशी समजूत मात्र फार पसरली आहे.

"चार शब्द फिरवले तर?" असें विद्यार्थ्यानें विचारलेंच. मीं त्यास राजशेखराची काव्यमीमांसा दाखविली. दहाव्या शतकाच्या सुमारास या पंडितानें शब्दहरण व अर्थहरण यांवर प्रकरणेंच्या प्रकरणें लिहिलीं आहेत, आणि कवींची चोरी किती प्रकारची, हें एखाद्या अनुभवी फौजदाराप्रमाणें सांगितलें आहे. चार शब्द फिरविणें त्याच्या यादींतहि चोरीच्याच खात्यावर आहे. विद्यार्थी हसला, पण वहींत टिपून घेतलें.

मग आम्ही जें ठरविलें तें असें. पुतणे, बहीण व पुण्याचीं मुलें या सर्वांच्या सह्यांचें पत्र तयार झालें आहे. जबलपूरची सही तेवढी यावयाची आहे. विवरण प्रथम पुस्तकरूपानें छापावयाचें, आणि एक प्रत रामटेकच्या कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयांत, जें १९९७ सालीं स्थापन झालें, तेथील अभ्यासकांकडे पाठवावयाची. त्यांपैकीं ज्यानें शास्त्रीबुवांचें नांवहि ऐकलेलें नाहीं अशा एखाद्यानें त्यावर लिहावें. स्तुति करावी असा आग्रह नाहीं. खंडन केलें तरी चालेल. उल्लेखनीयतेच्या दृष्टीनें साधार खंडनाचें वजन शिष्याच्या दहा प्रशस्तींहून अधिक आहे.

शास्त्रीबुवांचें नांव या लेखांत मीं कोठेंहि घातलेलें नाहीं, हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. तें घातलें असतें, तर उद्यां कोणी उत्साही तरुण याच पानाचा आधार देऊन लेख उभा करता, आणि तो आधार शिष्याचा निघता.

विवरण उतरविण्याचें काम चालूं आहे. दुसऱ्या चोपडीचीं चौदा पानें वाळवीनें खाल्लीं असून तेथील पूर्वमेघाचा कांहीं भाग अर्धवट ओळींवरून लावावा लागतो. जेथें लागत नाहीं तेथें आम्ही कंस करून जागा मोकळी ठेवतों, स्वतःचा शब्द घालीत नाहीं. तिसरी चोपडी शाबूत आहे. तिच्या पहिल्या पानावर शास्त्रीबुवांच्या हातची तिथि आहे, शक आहे, आणि खालीं कामठी असें गांवाचें नांव.