बंड्याची नजर

मी जेवायला बसलो की बंड्या समोर येऊन बसतो. ताटातला घास तोंडात जाईपर्यंत त्याची मान माझ्या हाताबरोबर फिरते. "दृष्ट लागेल हो त्याला," असं बंड्याला दटावत आई स्वतःच पोळीचा तुकडा टाकते. टक लावून बघितलं की पोळी मिळते, हे तिनंच त्याला शिकवलं.

पण जेवणं उरकल्यावरही तो बघतोच. मी पेपर वाचताना, मोजे घालताना, नुसता बसलेला असताना. "काय रे, काय पाहिजे?" म्हटलं की शेपटी दोनदा जमिनीवर आपटतो, आणि बघणं चालूच.

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या पायथ्याशी. चार वर्षांपूर्वी ऐन पावसात हे गावठी पिल्लू पंप-रूममागे सापडलं. पहिला दीड महिना त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी बघितलं की मान वळवायचा, जिभेनं ओठ चाटायचा. मी त्याला लाजरा समजत होतो. डॉक्टर हसले. "अहो, रोखून बघणं म्हणजे कुत्र्यांत भांडण उकरून काढणं. तुम्ही त्याला रोज दम देताय." डोंगरातून रात्री बिबट्या उतरतो तो बहुतेकदा कुत्र्यांसाठीच. अशा जागी जन्मलेल्या जिवाला न हलणारे डोळे आवडतील कसे?

मी त्याच्याकडे बघणं सोडलं. मग एकदा त्याचा चेंडू दिवाणाखाली गेला. त्यानं पंजा घालून पाहिला, नाक खुपसलं, जमेना. तेव्हा वळून त्यानं थेट माझ्या तोंडाकडे बघितलं, मग दिवाणाकडे, पुन्हा माझ्याकडे. मी छत्रीच्या दांड्यानं चेंडू काढून दिला.

बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ मध्ये हेच मांडलं होतं. न सुटणारं कोडं समोर आलं की कुत्रा माणसाकडे वळून बघतो; माणसाच्या हाती वाढलेला लांडगा मात्र आपणच झटत राहतो. २०१५ मध्ये जपानी संशोधकांना आढळलं, की कुत्रा आणि मालक बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाची माया घट्ट करणारं तेच संप्रेरक.

हाडूक पंजाखाली दाबून, तोंड मिटून, अंग ताठ करून बंड्या बघतो, ती नजर वेगळी. तेव्हा मी हात आवरता घेतो. बाकी वेळी डोळे अर्धवट मिटलेले, कान सैल. तेव्हा मीही बघतो.

परवा पंप-रूममागे पुन्हा एक पिल्लू दिसलं. मी वाकताच त्यानं मान फिरवली. मी पार्ले-जी बिस्किटाचा तुकडा खाली ठेवला, त्याच्याकडे पाठ करून पायरीवर बसलो आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळानं मागे बिस्किट कुरतडल्याचा आवाज आला. मी वळलो नाही.