किती ते कळलं, पण कधी?

आपल्याकडे बऱ्याच घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. पाहुणा फसतो, घरच्यांचं मात्र काही अडत नाही. चूक ठरलेली आहे, मनातल्या मनात पाच वजा केले की झालं काम. पण समजा हेच घड्याळ कधी दोन मिनिटं पुढे, कधी तीन मिनिटं मागे असं लहरीपणे चालायला लागलं तर? मग वजा काय करणार, कप्पाळ?

एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग टू डिजिटल कन्व्हर्टर, याच्या वेळेचं अख्खं दुखणं या दोन घड्याळांत आलं.

एडीसीचं काम तसं सरळ. ठरलेल्या क्षणी व्होल्टेज किती आहे ते बघायचं आणि आकडा द्यायचा. इंजिनिअरिंगला असताना आम्ही त्यातल्या 'किती'वर भरपूर घोकंपट्टी केली. ८ बिट, १२ बिट, क्वांटायझेशन एरर वगैरे. 'ठरलेल्या क्षणी' या दोन शब्दांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. खरी गंमत तिथेच आहे.

झोक्यावर बसलेल्या पोराचा फोटो काढताय असं समजा. झोका वरच्या टोकाला असताना क्लिक थोडं मागेपुढे झालं तरी चालतं, कारण तिथे तो क्षणभर थांबल्यासारखाच असतो. पण तळाशी झोका सुसाट असतो. तिथे क्लिक जरा चुकलं की पोरगं फोटोत भलतीकडेच. सिग्नलचंही तसंच. तो जितक्या वेगाने बदलतो, तितकी वेळेतली चूक व्होल्टेजमधली चूक होऊन समोर येते. क्लॉकच्या या लहरी मागेपुढेपणाला जिटर म्हणतात.

आता आकडे बघा. १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल आणि १ पिकोसेकंद जिटर. एका पिकोसेकंदात प्रकाशसुद्धा जेमतेम ०.३ मिलिमीटर जातो! तरी एवढ्याशा जिटरने सिग्नल टू नॉइज रेशो ६४ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे साधारण १०.३ बिट. तुम्ही १६ बिटांचे पैसे मोजले असतील, हातात येणार दहा. १६ बिट खरोखर हवे असतील तर जिटर २० फेम्टोसेकंदांच्या आत पाहिजे. तेच २० किलोहर्ट्झच्या ऑडिओला १६ बिटांसाठी १०० पिकोसेकंद चालतात. फ्रिक्वेन्सी ५००० पट, म्हणून वेळेची शिस्तही ५००० पट.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑफिसात मध्यंतरी झालेला एक वाद. एका बोर्डावरचा १४ बिटांचा एडीसी ५ मेगाहर्ट्झला ७१ डेसिबल देत होता, आणि ७० मेगाहर्ट्झला थेट ५३. मीटिंगमध्ये दोन उपाय निघाले. एक, १६ बिटांचा महागडा एडीसी घ्या. दोन, सॉफ्टवेअरवाल्यांनी एखादा फिल्टर लावावा. (हा दुसरा उपाय प्रत्येक मीटिंगमध्ये निघतो.) हार्डवेअरवाला मित्र वैतागून म्हणाला, "अरे, फ्रिक्वेन्सी वाढली की नॉइज वाढतोय, हे दिसत नाहीये का कुणाला? हा जिटर आहे!" गणित करून बघितलं तर साधारण ५ पिकोसेकंद. एडीसीचं क्लॉक एफपीजीएमधून फिरून येत होतं. तिथे शेजारी शेकडो पिना उड्या मारत असताना क्लॉक स्वच्छ राहणार कसं? मग क्लॉक चांगल्या क्रिस्टल ऑसिलेटरवरून थेट एडीसीला दिलं, त्याचा पॉवर सप्लाय वेगळा केला, क्लॉकची कड जास्तीत जास्त तीव्र ठेवली. एडीसी तोच राहिला आणि आकडे सुधारले. तो महागडा एडीसी घेतला असता तरी ५३ चे ५३च राहिले असते.

एडीसीच्या आतही थोडा जिटर असतोच, आणि दोन्हींची बेरीज वर्गांची होते. बाहेरचा ८० फेम्टोसेकंद, आतला ६०, तर एकूण १००. त्यामुळे त्यातला मोठा कोण ते आधी शोधायचं. छोट्याच्या मागे लागून काही उपयोग नाही.

मग सॉफ्टवेअरने काहीच होत नाही का? होतं की! १९८० साली ब्लॅक आणि हॉजेस यांनी एक युक्ती मांडली: अनेक हळू एडीसी पाळीपाळीने वापरायचे, म्हणजे मिळून एक वेगवान एडीसी तयार. आजचे गिगाहर्ट्झवाले बरेच एडीसी असेच असतात. यात एखादा कन्व्हर्टर आपली पाळी दरवेळी किंचित उशिरा घेतो आणि स्पेक्ट्रममध्ये नको तिथे काटे उगवतात. पण हा उशीर ठरलेला असतो. तो मोजून डिले लाइनने किंवा डिजिटल फिल्टरने काढता येतो. हे झालं पाच मिनिटं पुढचं घड्याळ. लहरी जिटरचं तसं नाही. सिग्नल पुन्हा पुन्हा येणारा असेल तर सरासरी काढून तो थोडा झाकता येईल, पण एकदाच येऊन गेलेला क्षण कुठलाही कोड परत आणू शकत नाही.

म्हणूनच काही लोक क्लॉकसाठी चक्क लेझरकडे वळले. २०१२ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी लेझरच्या स्पंदांनी ४१ गिगाहर्ट्झचा सिग्नल ७ बिटांच्या अचूकतेने टिपून दाखवला. जिटर फक्त १५ फेम्टोसेकंद. सॉलिड!

आपल्याला एवढं लेझर वगैरे नको. पण कुणी "सॉफ्टवेअरमध्ये बघून घेऊ" म्हणालं, की एकच प्रश्न विचारायचा: चूक ठरलेली आहे की लहरी? ठरलेली असेल तर द्या इकडे, शनिवारी बसून काढतो. लहरी असेल तर सोल्डरिंग गन घ्या आणि क्लॉककडे बघा.