पाठ उघडं म्यान

पनवेल स्टेशनाबाहेर रिक्षांच्या रांगेपलीकडे बसणाऱ्या मोचीकाकांच्या मांडीवर परवा चप्पल नव्हती, कोयता होता. शहाळेवाल्याचा, रुंद पात्याचा, टोकाशी आत वळलेला. काका त्याला म्यान शिवत होते. रोज लोकलमधून गोणपाटात गुंडाळून न्यावा लागतो, आणि हल्ली गोणपाटातून टोक डोकावलं की डब्यातली माणसं सरकून बसतात, असं शहाळेवाला म्हणाला. पुण्याच्या कोयता गँगच्या बातम्या त्याच्याही मानगुटीवर बसल्यात. कायदा त्यामानाने समंजस. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती शस्त्रांच्या यादीत मोडतात, पण घरकामासाठी, शेतीसाठी घडवलेली वगळून. डब्यात मात्र यादी कोण उघडून बघतो?

मला घाई होती, तरी उभा राहिलो. तलवारीचं म्यान सोपं, वरून सोडली की आत. कोयत्याचं पोट मानेहून रुंद. पोटाच्या मापाने शिवलं तर मानेपाशी खुळखुळतं, मानेच्या मापाने शिवलं तर पोट शिरतच नाही. काकांनी सरळ पाठ उघडी ठेवली. शिवण फक्त धारेच्या बाजूने. पाठीकडे जुन्या दप्तराचा बकलासकट पट्टा. कोयता खुपसायचा नाहीच, बाजूने आत निजवायचा. धारेकडे दोन कातड्यांच्या मध्ये आणखी एक चिंचोळी पट्टी घातली होती. "धारेनं पट्टी खावी, टाके नाही. नाहीतर पहिल्याच दिवशी दोरा कापून बाहेर." रापीने कड तासली. आरी टोचली, तिच्या खाचेत खालचा मेणाचा दोरा अडकवून वर ओढला, त्या फासातून दुसरा दोरा घातला आणि दोन्ही हातांनी करकचून ताणला. कातडं म्हशीचं, बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं, चपलांतून उरलेलं. रेक्झीनचं करून द्या, स्वस्तात पडेल, असं शहाळेवाला म्हणाला तेव्हा काकांनी उत्तरही दिलं नाही. मला ते फार आवडलं.

नेऱ्याला मामांकडे राबाच्या दिवसांत कवळ तोडायला माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतून एक ठाकूर बाबा यायचे. त्यांच्या कोयत्याला म्यान नव्हतंच. कमरेला दोरीने बांधलेली लाकडी आकडी, ती पाठीमागे, आणि तिच्यात अडकवलेला उघडा कोयता. धार अंगापासून वळवलेली. बाबा ऐनावर चढायचे तेव्हा आम्ही मुलं खाली माना वर करून उभी. दोन्ही हात फांद्यांना. वर गेल्यावर एक हात मागे जाई, नजर समोरच्या डहाळीवर. कोयता हातात आलेला असे. चार घाव, डहाळी खाली, आणि हात पुन्हा मागे. खट्. त्या खट्‌साठी आम्ही जेवायला हाका मारल्या तरी हलत नसू. एकदा तरी चुकेल, आकडी सापडायची नाही, असं माझ्या मामेभावाला वाटत असे. त्याने पैजही लावली होती, गोट्यांची. हरला.

आकडी बांधून द्या म्हणून आम्ही मागे लागलो, तर बाबांनी बांधून दिली, पण कोयता दिला नाही. करवंदीची काटकी दिली. ती मागे न बघता आकडीत घालायची आणि काढायची. सगळी दुपार आम्ही खळ्यात कमरेला आकडी आणि हातात काटकी घेऊन फिरत होतो. काटकी कधी चड्डीत शिरायची, कधी पाठीला ओरबाडायची, पण आकडीत काही जायची नाही. मामी ओटीवरून हसत होती. शेवटी मामेभावाला जमलं. मला मे महिना संपला तरी नाही. जेवायला बसायच्या आधी मात्र मामी बाबांना हटकायचीच, "बाबा, आधी कोयता उतरवा." ते कोयता कुडात खोचून मग बसायचे.

इथल्या पावसात चामड्याचं म्यान रानात टिकणारही नाही. कातडं ओल धरून ठेवतं. त्याला बुरशी येते आणि आतल्या पात्याला गंज. म्यान प्रवासापुरतं, घरी आल्यावर पातं बाहेर काढून पुसून तेलाचा हात द्यायचा, हे काकांनीही गिऱ्हाइकाला बजावलं. म्यान दुसऱ्यांसाठी असतं. हत्यार ज्याच्या हातातलं, त्याचं म्यान त्याच्या सवयीत.

नाहीतर पोराबाळांच्या घरात विळी कशी नांदली असती? जमिनीवर उभं, उघडं पातं, शेजारी रांगणारं मूल. तिला कुणी खोळ शिवली नाही. काम झालं की पातं मिटून विळी आडवी, भिंतीकडे. ओलांडायची तर नाहीच. आजीचा एवढा एकच नियम. हल्लीच्या सुऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीसकट येतात. टोपी आठवड्यात हरवते आणि सुरी चमच्यांत लोळते. सुरीने चिरलेली पालेभाजी मी मुकाट खातो, पण कच्च्या फणसाच्या बाबतीत तडजोड नाही. पात्याला आणि हाताला खोबरेल चोळून फणस विळीवरच चिरावा, खाली जुना पेपर पसरून, आणि चीक पुसायला घरातली सर्वांत नावडती चिंधी घ्यावी. ती नंतर फेकूनच द्यावी लागते.