शिलकेतले तेल

१९४९ साली रात्रीची विमान-टपाल सुरू झाली तेव्हापासून नागपूरला जे महत्त्व आले, त्याची कल्पना टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याला क्वचितच असते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यावीत, तेथे थैल्यांची अदलाबदल व्हावी आणि ज्याने त्याने आपापल्या शहराची वाट धरावी, अशी ती तजवीज होती. त्यामुळे चारांतले एक अडकले की उरलेल्या तिघांचा खोळंबा ठरलेला असे. १९५१ च्या डिसेंबरात मी मुंबईहून सुटणाऱ्या डाकोटावर उपवैमानिक होतो. त्या महिन्यातील एका रात्रीची हकीकत दप्तरात चार ओळींत नोंदली गेली आहे. तथापि ती सविस्तर सांगितल्यावाचून माझे समाधान होणार नाही.

आमचे कप्तान १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य पोहोचविणाऱ्या डाकोटांपैकी एकावर होते. ते मितभाषी, आणि माझ्यासारख्या पोरसवदा माणसालाही अहोजाहो करणारे. त्यांचा एक शिरस्ता होता: इंजिने सुरू करण्यापूर्वी माझ्या आसनामागच्या तेलाच्या टाकीवरील काचनळीतली पातळी मी मोठ्याने सांगावयाची आणि हातपंपाचा दांडा दोनदा हलवून त्याचा जोर अजमावयाचा. या शिरस्त्याला त्यांनी एकाही रात्री फाटा दिला नाही.

त्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. डाकोटाची चाके उचलणे-सोडणे, पंखांमागचे फ्लॅप उतरविणे आणि जमिनीवर ब्रेक लावणे, ही तिन्ही कामे एकाच तेलाच्या दाबावर चालतात. इंजिनांवरचे पंप ज्या नळीतून तेल ओढतात तिचे तोंड टाकीच्या तळापासून काहीसे उंच ठेवलेले असते. हातपंपाची नळी मात्र थेट तळाशी लागलेली. म्हणून कोठे गळती लागून इंजिनांच्या पंपांनी तेल बाहेर ओतून टाकले, तरी त्या उंच तोंडाखालचे थोडेसे तेल वैमानिकाच्या दंडबळासाठी शिल्लक उरते. ज्या कोणा अभियंत्याने ही शिल्लक मनात धरून नळीचे तोंड उंच ठेवले, त्याच्याविषयी मला आजही कृतज्ञता वाटते.

नागपूरचे दिवे दिसू लागले होते, खाली उतरण्याची परवानगी मिळाली होती, आणि कप्तानांनी चाके सोडण्याचा हुकूम दिला. मी जमिनीलगतचा अडसर मोकळा केला, दांडा खाली लोटला आणि हिरव्या दिव्याची वाट पाहू लागलो. तो लागला नाही. दाब दाखविणारे दोन्ही काटे शून्यावर विसावले होते, आणि मागे वळून विजेरी धरली तो काचनळी रिकामी! माझ्या तोंडाला कोरड पडली. कप्तानांनी उतरण्याचा बेत रद्द करून विमान तीन हजार फुटांवर नेले, रेडिओ अधिकाऱ्याकरवी मनोऱ्याला इत्तला दिली आणि विमानतळाभोवती संथ घिरट्या घालण्यास आरंभ केला.

"तेल गेले आहे, पण सगळे नव्हे. पंप मारा, घाई करू नका," एवढेच ते म्हणाले.

डाकोटाची चाके पुढच्या बाजूला दुमडून वर जातात. त्यामुळे सोडल्यावर ती स्वतःच्या भाराने खाली येतात आणि समोरचा वाराही त्यांना मागे, त्यांच्या जागी रेटतो. माझ्या खिडकीतून विजेरीच्या उजेडात उजवे चाक लोंबताना दिसले, डावे कप्तानांना दिसले. परंतु चाक जागी दिसणे निराळे आणि त्याला कुलूप बसणे निराळे. कुलूप नसलेले चाक जमिनीला टेकताच मुडपेल. मी दांडा मागेपुढे करू लागलो. पहिले दहा-बारा हेलकावे पोकळ गेले, जणू त्या नळ्यांत नुसती हवाच भरली होती. मग हाताला किंचित प्रतिकार लागला, तो वाढत गेला, डिसेंबरच्या थंडीत माझा सदरा पाठीला चिकटला, आणि किती हेलकाव्यांनंतर ते आता सांगवत नाही, पण काटा थरथरत उचलला, अडसर खटकन जागी पडला आणि तो हिरवा दिवा लागला.

सवयीने माझा हात फ्लॅपच्या दांड्याकडे गेला. कप्तानांनी तो मनगटाशी धरला. "फ्लॅप नकोत. ते तेल ब्रेकला ठेवायचे आहे."

मी त्या निर्णयाला त्या रात्रीचा खरा पराक्रम मानतो. फ्लॅपवाचून विमान अधिक वेगाने टेकते आणि लांबवर धावते, ही अडचण खरी; पण ती आधी ठाऊक असलेली अडचण होती, धावपट्टीची लांबी व वाऱ्याची दिशा पाहून तिचा हिशेब मांडता येत होता. धावपट्टीच्या अखेरीस ब्रेक लागला नसता तर मात्र कोणताच हिशेब उपयोगी पडला नसता.

ताशी सुमारे शंभर मैलांच्या वेगाने, लांबून आणि सपाट उतरत, त्यांनी चाके अगदी धावपट्टीच्या आरंभाला टेकविली. शेपूट जमिनीला लागताच एकच, दीर्घ आणि एकसारखा दाब त्यांनी ब्रेकला दिला. पाय उचलून पुन्हा दाबले असते तर प्रत्येक खेपेला थोडे तेल खर्ची पडले असते. मी पंप मारीतच होतो. विमान थांबले तेव्हा धावपट्टी पुढे शिल्लक होती. मागे बसलेल्या उतारूंपैकी एकाने, इतका उशीर का झाला, एवढेच विचारले.

उजव्या इंजिनाच्या पंपाकडे जाणारी रबरी नळी बोटभर लांबीची चीर पडून फाटली होती. ती बदलीपर्यंत उजाडले. मुंबईच्या थैल्या मात्र त्याच रात्री उरलेल्या तीन विमानांत चढल्या आणि दिल्ली, कलकत्ता व मद्रासकडे रवाना झाल्या. कप्तानांनी विमानतळाच्या कचेरीत बसून कैफियत लिहिली. तिची शेवटची ओळ अशी होती: हातपंप, उपवैमानिकाने उड्डाणापूर्वी तपासलेला.