वरचा थर

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरच्या देव्हाऱ्यात पंचम जॉर्जचा एक चांदीचा रुपया आहे. आजीला तो तिच्या सासूकडून मिळाला. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आजी चिंच आणि राख घेऊन ओट्यावर बसते आणि तो रुपया घासून लख्ख करते. नाण्यांशी माझी पहिली ओळख झाली ती एवढीच. पुढे त्या ओळखीचे वेड झाले, त्या वेडापायी मी फसलो आणि फसल्यानंतर मी स्वतः काही केले. ते सारे या लेखात सांगायचे ठरवले आहे. शेवटचा भाग लिहिताना हात अडखळतो. पण तो गाळला तर बाकीचे सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांची नाशिक जिल्ह्यात कांद्याची शेती आहे. मी इतिहास विषय का घेतला, हे मला त्यांना अजून नीट सांगता आलेले नाही. खरे कारण एक शिवराई आहे. प्रथम वर्षाला असताना सरांनी ती वर्गात आणली होती. तांब्याचे ते छोटे, ओबडधोबड नाणे बाकावरून बाकावर फिरत माझ्या हाती आले. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’. अक्षरे अर्धीमुर्धी, कडेला तुटलेली. पुस्तकातला इतिहास पहिल्यांदाच तळहातावर आला. त्याच तासाला सरांनी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेविषयी सांगितले. डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० साली ती आपल्या नाशिकजवळ उभी राहिली. आपल्या पायाखालच्या मातीत केवढे काय दडले आहे, या विचाराने त्या रात्री मला झोप आली नाही.

‘कमवा व शिका’ योजनेत मी ग्रंथालयात काम करतो. या वर्षी त्यातून थोडे पैसे साठवले आणि ऑगस्टमध्ये शहरात भरलेल्या एका नाणेप्रदर्शनाला गेलो. तिथे एका विक्रेत्याच्या टेबलावर मला आजीच्या रुपयाचा भाऊ दिसला. १९१८ चा रुपया, मुंबई टांकसाळीचा. कमळाच्या फुलाखालचा बारीक ठिपका ही मुंबईची खूण. कलकत्त्याच्या रुपयावर खूण नसते. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. हा रुपया तसा दुर्मिळ नाही. पहिल्या महायुद्धात रुपयांची मागणी इतकी वाढली की १९१८ साली अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानासाठी चांदी विकली. अशा नाण्याची किंमत ठरते ती त्याच्या प्रतीवर, म्हणजे ते किती झिजले आहे यावर.

प्रतीची भाषा मोठी मजेदार आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘गुड’ शेरा मिळाला की आपण घरी धावत जातो. नाण्यांच्या बाजारात मात्र ‘गुड’ ही जवळजवळ तळाची पायरी. झिजून गुळगुळीत झालेले, बाह्यरेषा तेवढ्या उरलेले नाणे म्हणजे ‘गुड’. त्याच्यावर ‘व्हेरी गुड’, मग ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’, ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’ आणि सर्वांत वर ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे हातोहात न फिरलेले. विक्रेत्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर निळ्या शाईने लिहिले होते, ‘एक्स्ट्रीमली फाइन’. रुपया दिव्याखाली चमचम करत होता.

“तू अभ्यासू मुलगा दिसतोस, म्हणून देतो,” ते गृहस्थ म्हणाले. “संग्रहात एकच असावं, पण असं असावं.”

मला कुणी अभ्यासू म्हटलेले फार आवडते. चांदीच्या भावाच्या जवळजवळ तिप्पट पैसे देऊन मी तो रुपया घेतला. पावती मागितली नाही. मागणे बरे दिसणार नाही, असे वाटले.

दिवाळीत रुपया घरी नेला. आजी ओट्यावर बसून आपला रुपया घासत होती. मी पुठ्ठ्याच्या टाचण्या काढल्या आणि माझा रुपया तिच्या हातावर ठेवला. तिने दोन्ही नाणी उन्हाकडे धरली, खाली-वर केली आणि म्हणाली, “हा बी कुणीतरी माझ्यावानीच घासलाय की रे!”

मी हसलो, पण रात्री भिंग घेऊन बसलो. पंचम जॉर्जच्या झग्यावर, छातीशी एक लहानसा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि ओरड झाली. मग ते रुपये मागे घेतले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. हा हत्ती म्हणजे प्रत पारखण्याची उत्तम जागा. नाणे झिजते ते उंच भागावर आधी. किरीटाचे मणी, भुवई आणि हा हत्ती प्रथम जातात. ‘एक्स्ट्रीमली फाइन’ नाण्यात हत्तीची सोंड आणि पाय वेगळे दिसायला हवेत. माझ्या रुपयावर हत्तीच्या जागी एक उंचवटा होता. आजीच्या रुपयावरही तसाच. आणि ती चमक? टांकसाळीतून आलेल्या नाण्याची मूळ झळाळी दिव्याखाली नाणे फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, आणि झिजलेल्या जागी ती आधी तुटते. माझ्या रुपयाची चमक झिजल्या जागेवरही सारखीच पसरली होती आणि जागची हलत नव्हती. भिंगाखाली बारीक, एका दिशेने गेलेले ओरखडे दिसत होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

दिवाळीनंतर ग्रंथालयात मी या विषयावर मिळेल ते वाचले. १९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी प्रतींची मोजपट्टी केली. ७० प्रतीचे नाणे १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा त्याचा हिशेब. म्हणजे आकड्यात मोजलेली प्रत जन्मली तीच किमतीच्या पोटी. प्रत एक पायरी चढवली की किंमत आपोआप चढते, आणि प्रत ठरवणारा विकणाराच असेल तर त्याचा हात वर जाणारच. पुढे १९८६-८७ पासून अमेरिकेत त्रयस्थ कंपन्या पैसे घेऊन प्रत ठरवू लागल्या आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देऊ लागल्या. घासलेल्या नाण्याला त्या साधी प्रत देत नाहीत. घासलेले आहे असा शेरा मारतात. माझ्या रुपयासाठी हा खटाटोप परवडणारा नव्हता. त्याला डबीत घालण्याचा खर्च त्याच्या किमतीला भारी पडला असता.

डिसेंबरात पुन्हा प्रदर्शन भरले. मी रुपया पुठ्ठ्यातून काढून कागदाच्या पुडीत घेतला आणि त्याच टेबलाशी गेलो. गृहस्थांनी मला ओळखले नाही. मी म्हणालो, “काका, एक रुपया विकायचा आहे.”

त्यांनी भिंग लावले. क्षणभरही विचार केला नाही. “घासलेला आहे. हत्ती गेलाय. फाइन. चांदीचा भाव मिळेल.”

मी खिशातला पुठ्ठा काढून त्यांच्यापुढे ठेवला. “हे अक्षर तुमचंच ना?”

मला वाटले होते, ते ओशाळतील किंवा चिडतील. त्यांतले काहीच झाले नाही. “पावती आहे?” त्यांनी विचारले. नव्हती. “हे बघ, प्रत हा नजरेचा खेळ आहे. विकताना एक नजर, घेताना दुसरी. धंदा आहे बाबा. तूही कुणाला तरी दे. पुठ्ठा आहेच.”

मी संतापून बाहेर पडलो. पुठ्ठा मात्र फेकला नाही.

आता तो भाग. परीक्षेचा अर्ज भरायची तारीख जवळ आली होती. आमच्या वसतिगृहात प्रथम वर्षाचा एक मुलगा आहे. तो माझ्यामुळेच नाण्यांच्या नादाला लागला. तो खोलीत आला आणि टेबलावरचा रुपया पाहून हरखला. “दादा, हा देता का मला? तुम्ही घेतला त्याच भावात.” मी रुपया पुन्हा पुठ्ठ्यात बसवला. टाचण्या माझ्या हाताने मारल्या. निळ्या शाईतली ती अक्षरे तशीच होती आणि मी त्यांबद्दल काही बोललो नाही. खोटे एक अक्षरही मी उच्चारले नाही, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. त्याने फोनवरून पैसे पाठवले. मी अर्ज भरला.

जानेवारीत एका शनिवारी घरी गेलो तेव्हा लाल कांदा निघाला होता. रात्री आम्ही ट्रॉली भरली. बारीक कांदा, ज्याला आम्ही गोल्टी म्हणतो, तो बराच निघाला होता. तो नानांनी खाली घातला आणि निवडक मोठा कांदा वरून पसरला. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यात कधी वावगे वाटले नव्हते. सकाळी बाजार समितीत व्यापाऱ्याने ट्रॉलीवरचे चार कांदे उचलून पाहिले, लिलाव झाला, भाव बरा मिळाला. मग काट्यावर वजन करून ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर गेली. रिकामी होता होता खालची गोल्टी बाहेर आली आणि त्यांच्या माणसाने वांधा काढला. भाव पाडला. नानांनी मुकाट्याने मान हलवली.

मला राहवले नाही. “नाना, लिलावात ठरला तो भाव. आपण का सोडायचा? तुमचा एक नंबर माल असतो तेव्हाही हे लोक त्याला गोल्टीच म्हणतात.”

परत येताना ट्रॅक्टरच्या आवाजात नाना म्हणाले, “म्हणतात, ते खरं. चांगला माल असला की मी बी भांडतो. पण आज खाली गोल्टी होती ना? वरचा थर कुणी लावला? मीच. मग भांडायला तोंड कुठून आणू?”

त्यांनी हे मला उद्देशून म्हटले नव्हते. माझ्या रुपयाची त्यांना काहीच माहिती नव्हती. तरी घर येईपर्यंत मी खाली मान घालून बसलो होतो.

सोमवारी मी त्या मुलाच्या खोलीत गेलो आणि सगळे सांगितले. पैसे अर्जात गेले होते. ते दोन हप्त्यांत परत करीन म्हणालो. त्याने रुपया माझ्या हातात दिला आणि एवढेच विचारले, “दादा, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?” मी “हो” म्हणालो. फेब्रुवारीत दुसरा हप्ताही फिटला. तो अजून मला दादाच म्हणतो. पण नवे नाणे मिळाले की आधी माझ्याकडे धावत यायचा, ते आता येत नाही.

नाण्यांचा नाद असलेल्या मित्रांसाठी दोन गोष्टी सांगतो. टेबलाशी गेलात की पुठ्ठ्यावरची अक्षरे अंगठ्याखाली झाका आणि आधी स्वतः प्रत ठरवा. ती जमत नसेल तर नाणे घेऊ नका. उंच भाग आधी पाहा, चमक नंतर. एका दिव्याखाली नाणे फिरवून पाहा. आपण ठरवलेल्या प्रतीचाच भाव द्या. पैसे मोजण्यापूर्वी, प्रत आणि परतीची मुदत लिहिलेली पावती मागा. मागताना लाजू नका. पावती द्यायला जो कां-कू करतो, त्याने उत्तर दिलेच आहे. भांडणही जरूर करा. फक्त तोच पुठ्ठा आपल्या खिशात ठेवून भांडू नका.

परवा मी नवा पुठ्ठा आणला. त्यावर लिहिले: पंचम जॉर्ज, एक रुपया, १९१८, मुंबई. प्रतीच्या जागी आलो तेव्हा ‘व्हेरी फाइन’ लिहावे असे क्षणभर वाटले. कुणी फार हरकत घेतली नसती. मग पुन्हा एकदा भिंगातून हत्तीकडे पाहिले आणि लिहिले: फाइन. घासलेला.