कंट्रोल-ए, कंट्रोल-स्पेस

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाकडून घरच्यांच्या अपेक्षा तशा माफक असतात. त्याला प्रिंटर दुरुस्त करता यावा आणि वर्डमधलं 'ते वाकडंतिकडं झालेलं' सरळ करून देता यावं. बाकी पगार कशाचा मिळतो याच्याशी कुणाला देणंघेणं नाही :)

यावेळी फाइल मावशीची. म्हणजे खरं तर आप्पांची, माझ्या आजोबांची. २००४ साली वाईत एका डीटीपीवाल्याकडे बसून त्यांनी आपल्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या. १४० पानं. मूळ वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या आणि आप्पा गेल्या वर्षी गेले. आता आहे ती एवढी एकच फाइल. वर्षश्राद्धाला तिच्या ५० प्रती छापायच्या असं मावशीने ठरवलं आणि मला फोन केला. "अरे, कुठे रंग आहेत, कुठे चौकटी, अक्षर कुठे मोठं कुठे बारीक. ते सगळं काढ आणि साधं करून दे. तुला काय, पाच मिनिटांचं काम."

एरवी असतंही पाच मिनिटांचं. वर्डमध्ये मजकुराला दोन अंगरखे असतात. आतला स्टाइलचा आणि त्यावर कुणीतरी हाताने चढवलेला. सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-स्पेस दाबलं की अक्षरांवरचा वरचा अंगरखा उतरतो, कंट्रोल-क्यू दाबलं की परिच्छेदाचा. दोन्ही एकदम हवं तर 'क्लिअर ऑल फॉरमॅटिंग' आहेच. आणि शीर्षक मधोमध यावं म्हणून कुणी वीस वेळा स्पेसबार बडवला असेल, तर ते फॉरमॅटिंग नव्हेच, ती अक्षरंच. ती फाइंड-रिप्लेसने वेगळी वेचावी लागतात.

तर फाइलची कॉपी केली आणि तिच्यावर कंट्रोल-ए, कंट्रोल-स्पेस. आप्पांच्या बालपणाच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हं यांचा सडा पडला!

हे मराठीत(च) होतं. युनिकोडमध्ये देवनागरी अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे, विंडोजमध्ये ती २००० साली आली. पण डीटीपीवाले त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर काम करत होते. त्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त त्या अक्षरांना देवनागरीचे मुखवटे घातलेले असतात. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. म्हणजे मावशीला जे 'फॉरमॅटिंग' वाटत होतं, त्यातला एक भाग म्हणजे चक्क मराठी होती.

मग क्रम उलटा. आधी युनिकोड, मग साफसफाई. तयार कन्व्हर्टर मिळतात, पण तो मजकूर नेमका कोणत्या फॉन्टचा हे त्यांना सांगावं लागतं, कारण प्रत्येक फॉन्टची मुखवट्यांची यादी निराळी. शिवाय आप्पांनी मध्येमध्ये 'बी. ए.', 'पी. टी.' असे शब्द इंग्रजीत टाइप करून घेतले होते. फॉन्ट आधीच पुसला, तर यातलं खरं इंग्रजी कुठलं आणि मुखवट्याचं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून फाइल डॉक्सएक्समध्ये सेव्ह केली. ही फाइल म्हणजे एक झिपच असते. आतल्या एक्सएमएलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याशेजारी त्याचा फॉन्ट आणि रंग लिहिलेला असतो. छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली: फॉन्ट जुना असेल तरच बदल, नाहीतर हात लावू नकोस. मग नेहमीची यशस्वी माघार. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. 'वर्षाकाठी' तीन तऱ्हांनी चुकीचं आलं तेव्हा कुठे चौथ्यांदा बरोबर आलं. अख्खा शनिवार गेला. पाच मिनिटं म्हणे!

आता राहिले रंग. चौकटी आणि जांभळी शीर्षकं ही उघडच डीटीपीवाल्याची हौस, ती उडवली. पण लाल रंग शीर्षकांना नव्हताच, तो वाक्यांच्या मधल्या एखाद्या शब्दाला होता. मला काही संगती लागेना, म्हणून मावशीला विचारलं.

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, आप्पांना खात्री नसली की ते त्या पोराला सांगायचे, एवढं लाल कर, मी विचारून सांगतो. मग राहिलंच ते."

तो लाल उडवायला बोट धजेना. फाइंडमध्ये काही न लिहिता फक्त लाल रंग शोधायचा आणि सापडेल त्याला चौकोनी कंस घालायचा, अशी सोय वर्डमध्ये आहे. तसं केलं, आणि मगच कंट्रोल-स्पेस. मजकूर एकदम साधा, स्वच्छ, आणि त्यात २३ कंस.

पहिलाच होता: 'वडील गेले तेव्हा मी [सातवीत] होतो.' मावशीने आप्पांच्या धाकट्या बहिणीला, कराडच्या आजींना फोन लावला. त्यांचं वय ८५. मी स्पीकरवर ऐकत होतो.

"सातवीत कसला गं? सहावीत. सातवीची फी भरायला आईनं पाटली मोडली, तेव्हा दादा नव्हतेच की."

पाटलीचं आप्पांनी १४० पानांत कुठेच लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं. मावशीलाही ठाऊक नव्हतं.

२२ कंस राहिलेत. छापखान्याला महिनाभर थांबायला सांगितलंय, आणि पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आम्ही कराडला जातोय.